सारखा थकवा का येतो?



रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आपण एकमेकांची विचारपूस करतो, तेव्हा हल्ली एकच उत्तर वारंवार कानी पडते: "बाकी ठीक, पण अंगात जीवच राहत नाही." चाकणला, तळवड्याला पाळीने जाणारे भाऊ हेच सांगतात. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या भगिनी हेच सांगतात. म्हणून या रविवारी आम्ही थकव्याविषयी जरा सविस्तर लिहायचे ठरवले.

प्रथम एक फरक लक्षात घेऊ. कष्ट केले की माणूस दमतोच. रात्री चांगली झोप लागली, एखादी सुट्टी मिळाली की जो थकवा जातो, तो आजार नव्हे. पण दोन-तीन आठवडे झाले, विश्रांती घेतली, तरी सकाळी उठतानाच अंग जड वाटते, दोन जिने चढले की धाप लागते, कशात लक्ष लागत नाही, असे असेल तर त्यामागे काहीतरी कारण असते, आणि बहुतेक वेळा ते सापडते.

आपल्या भागात पहिली शंका घ्यावी ती झोपेची. पाळीचे चक्र आपल्याला नवीन नाही. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, मग नाईट. शरीराला मात्र हे चक्र कळत नाही. आपल्या प्रत्येक पेशीत दिवस-रात्रीचे घड्याळ असते. हे घड्याळ कसे चालते याचा शोध फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माश्यांवर प्रयोग करून लागला आणि त्यासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाला चावी देतो तो उजेड. नाईट करून सकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली की मेंदू म्हणतो, दिवस उजाडला, आता जागे व्हा! मग घरी येऊन आडवे झाले तरी चार तासांत डोळे उघडतात. असे सहा दिवस झाले की सातव्या दिवशी माणूस चिडचिडा होतो, त्यात नवल ते काय?

यावर उपाय साधे आहेत, फक्त घरच्या सर्वांची साथ हवी. नाईटहून येताना गॉगल किंवा पुढे झाप असलेली टोपी घालावी. घरी हलके खाऊन लगेच झोपावे. बाजारहाट आणि बँकेची कामे संध्याकाळवर ढकलावी. खिडकीला जाड, गडद पडदा लावावा. एकाच खोलीचे घर असेल तर डोळ्यांवर रुमाल बांधला तरी चालतो. मोबाईल दुसऱ्याच्या हाती द्यावा. रात्री आठ वाजता आपण कोणाच्या दारात जाऊन गप्पा मारतो, पण रात्री तीनला जात नाही. नाईट करणाऱ्याची सकाळची दहाची वेळ ही त्याची रात्रीची तीनची वेळ असते, हे शेजाऱ्यांनी आणि पाहुण्यांनीही ध्यानात ठेवावे. कामावर निघण्यापूर्वी वीस-तीस मिनिटांची डुलकी घेतली तर रात्र सोपी जाते. आणि पाळ्या ठरवणे ज्यांच्या हाती आहे अशा आपल्या पॅरिशमधील सुपरवायझर बंधूंना एक विनंती: पाळी फर्स्टवरून सेकंड, सेकंडवरून नाईट अशी पुढे सरकवली, तर ती उलट्या क्रमापेक्षा शरीराला कमी त्रासाची होते.

चहाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. चहा शक्ती देत नाही. तो मेंदूपर्यंत जाणारा थकव्याचा निरोप तेवढा काही काळ अडवून धरतो. घेतलेल्या चहा-कॉफीतील निम्मे कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असते. म्हणून नाईटला चहा घ्यायचा तर पाळीच्या पूर्वार्धात घ्यावा. पहाटे पाचचा चहा सकाळची झोप खातो. दारूने झोप लागते खरी, पण ती मध्येच मोडते आणि सकाळी अंग अधिक दुखते. जे मोठ्याने घोरतात, झोपेत मध्येच श्वास अडकून दचकतात आणि दिवसा बसल्या जागी पेंगतात, त्यांनी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे. ही थट्टेची बाब नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्याला एक डुलकी पुरते.

आता भगिनींकडे वळू, कारण त्यांच्या थकव्याचे सर्वांत मोठे कारण रक्तात असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे आपल्या चर्चमध्ये एका बाकावर चार भगिनी बसल्या असतील, तर त्यातील दोघींच्या बाबतीत ही शंका घ्यायला जागा आहे! स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर मातेचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असे समजतात. हिमोग्लोबिन श्वासातील प्राणवायू अंगभर पोचवते. ते कमी पडले की हृदय दुप्पट धावते आणि तरीही स्नायू उपाशी राहतात. मनाच्या आळसाचा येथे काही संबंध नसतो.

या आजाराच्या संशोधनात आपल्या मुंबईच्या कामगार स्त्रियांचा मोठा वाटा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेतून काम करू लागल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक दगावत. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. डॉ. विल्स यांनी या स्त्रियांच्या जेवणाचा अभ्यास केला आणि ज्यांचे जेवण सर्वांत निकृष्ट त्यांनाच हा आजार जास्त होतो, असे त्यांना दिसले. मग प्राण्यांवर प्रयोग झाले. यीस्टपासून बनवलेला मार्माइट नावाचा स्वस्त पदार्थ, जो इंग्लंडमध्ये लोक पावाला लावून खातात, तो या स्त्रियांना दिला आणि त्या बऱ्या होऊ लागल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. मार्माइटमध्ये असे काय होते ते कळायला आणखी दहा वर्षे गेली. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले फॉलिक अॅसिड. आज आशाताई गरोदर भगिनीच्या हाती जी लाल गोळी ठेवतात, तिच्यात लोहासोबत हेच फॉलिक अॅसिड असते. परळच्या गिरणीकामगार बायांच्या रक्तातून आलेली ही गोळी आपल्या घरात कपाटावर पडून राहते, याचे आम्हांला वाईट वाटते.

"गोळीने मळमळते, शौचाला काळे होते" अशी तक्रार असते. काळे होणे हा लोहाचा गुण आहे, त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. लिंबूपाण्यासोबत घेतली तर अधिक गुण येतो. चहा वा दुधासोबत मात्र मुळीच घेऊ नये. जेवणावर लगेच चहा पिण्याची आपली सवय हीच अन्नातील बरेचसे लोह वाया घालवते, म्हणून मध्ये निदान तासभर जाऊ द्यावा. हिमोग्लोबिन वाढल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, साधारण तीन महिने, गोळ्या चालू ठेवाव्या, म्हणजे शरीराची शिल्लक भरते.

आहारात मोड आलेली मटकी, चवळी, बाजरीची भाकरी, हळिवाचे लाडू, मेथी आणि शेपू असावे, आणि वर लिंबू पिळावे. पालेभाजी फार वेळ उकळून पाणी फेकले तर फॉलिक अॅसिड त्या पाण्याबरोबर जाते. आपल्याकडे मांसाहार चालतो ही आपली सोय आहे. कलेजी, अंडी, सुकट, बोंबील यांतून लोह आणि बी-१२ दोन्ही मिळतात, तेव्हा कलेजीचा वाटा फक्त घरधन्याच्या ताटात पडू नये! बीट जरूर खावे, पण त्याचा लाल रंग म्हणजे रक्त नव्हे. आणि उपासकाळाविषयी एक गोष्ट सांगतो: आजारी व्यक्ती, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना उपवासाचे बंधन नाही. शंका असेल तर फादरांना विचारावे, पण चक्कर येईपर्यंत उपाशी राहू नये.

बंधूंनो, पुरुषाचे रक्त कमी झाले तर ते अधिक गांभीर्याने घ्यावे. पाळी गेलेल्या भगिनींनाही हेच लागू. अशा वेळी नुसत्या गोळ्या घेऊन थांबू नये, रक्त कुठे जात आहे ते शोधावे लागते. मूळव्याध, जठरातील व्रण, क्वचित आतड्याची गाठ. कंबरदुखीसाठी दुकानातून घेऊन रोज खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही पोटात रक्तस्राव होतो. डांबरासारखी काळी, चिकट शौचास होत असेल आणि लोहाची गोळी चालू नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

येथे सलाईनबद्दल स्पष्ट लिहितो. "अशक्तपणा आला, एक बाटली चढवून घेतो" हे आपल्या वस्त्यांत सर्रास चालते. त्या बाटलीत मीठपाणी असते, फार तर थोडे ग्लुकोज. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेल्याला ती जीवदान देते. ज्याचे रक्त कमी आहे किंवा ज्याला क्षय आहे, त्याला तासाभराची तरतरी देते आणि निदान महिनाभर लांबवते. चारशे-पाचशे रुपये त्यात घालण्याऐवजी त्याच पैशात रक्ताची मूळ तपासणी होते.

इतर कारणे थोडक्यात सांगतो. तहान फार लागणे, रात्री वारंवार लघवीला उठणे आणि थकवा, हे मधुमेहाचे लक्षण असू शकते. थंडी सोसवत नाही, वजन वाढते, केस गळतात, त्वचा कोरडी पडते, तर थायरॉईड पाहावे. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकते; हातापायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांच्या कानावर घालावे, गोळ्या आपण होऊन बंद करू नयेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम आणि उतरते वजन असेल तर थुंकी तपासावी. क्षयरोगाची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत, आणि नि-क्षय पोषण योजनेखाली उपचार चालू असताना मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १००० रुपये झाली. यात लपवण्यासारखे काहीही नाही. ज्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेथे तरी क्षयाची लाज वाटू नये.

आणि मन. कर्जाचे हप्ते, कंत्राट संपण्याची भीती, गावी एकटे राहिलेले आईवडील या ओझ्याने माणूस आतून दमतो. ज्या गोष्टींत पूर्वी आनंद वाटे त्यांत तो वाटेनासा होतो, पहाटे जाग येते आणि परत झोप लागत नाही. त्याला "श्रद्धा कमी पडते" असे म्हणू नये. एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले. मनाच्या आजारासाठी टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलते, मराठीतही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटे सोडू नये.

घरातील कामाची वाटणी हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. पहाटे साडेचारला नळाला उठणारी, डबे करून कामावर जाणारी आणि रात्री अकराला भांडी घासणारी भगिनी कोणत्या गोळीने ताजी होणार? पाणी भरणे आणि रात्रीची भांडी ही कामे घरातील पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी घेतली तर तिला रोज तास-दीड तास झोप अधिक मिळेल.

तपासणीला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्या: थकवा कधीपासून आहे, गेल्या सात दिवसांत रोज किती तास झोप झाली, वजन किती उतरले किंवा वाढले, आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत, मिश्री, तंबाखू, दारू असेल तर तेही न लपवता. भगिनींनी पाळीत रक्त किती दिवस आणि किती जाते तेही लिहावे. जाहिरातीतील मोठ्या 'फुल बॉडी' पॅकेजला भुलू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे. बहुतेकांना हिमोग्लोबिनसह रक्तपेशींची तपासणी, साखर आणि गरजेप्रमाणे थायरॉईड व बी-१२ एवढे पुरते. महापालिकेच्या दवाखान्यांत, संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात या तपासण्यांची सोय आहे. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो त्यांनी आपले कार्ड घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जावे. सकाळी लवकर आणि उपाशीपोटी जावे, म्हणजे साखरेसाठी पुन्हा खेटा पडत नाही. रक्त दिल्यावर खायला दोन पोळ्या डब्यात असू द्याव्या.