लघुग्रहांच्या नामकरणातील श्लेष

लघुग्रहांची नावे हा खगोलशास्त्राच्या परिशिष्टातील विषय समजला जातो. वस्तुतः एकोणिसाव्या शतकापुरता तरी तो अलंकारशास्त्राच्या अभ्यासकाचाही विषय आहे. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे पियाझी यांना सेरेस सापडला, तेव्हा त्यांनी त्यास ‘सेरेस फर्डिनांडिया’ असे जोडनाव दिले. सेरेस ही सिसिलीची धान्यदेवता. फर्डिनंड हा तेथील राजा. पुढे देवता टिकली, राजा गळाला. देवकथांतील स्त्रीनामेच द्यावीत, असा संकेत रूढ झाला आणि राजस्तुतीला आडवाट शोधणे प्राप्त झाले.

१८५० साली लंडन येथे हाइंड यांनी आपल्या लघुग्रहाला ‘व्हिक्टोरिया’ म्हटले. राणी व्हिक्टोरिया त्या वेळी सिंहासनावर होती. अमेरिकेत हरकत निघाली. गूल्ड यांच्या नियतकालिकाने ‘क्लिओ’ हे पर्यायी नाव वापरले. व्हिक्टोरिया ही रोमनांची विजयदेवता, हा हाइंड यांच्या बाजूचा युक्तिवाद. मम्मटाच्या परिभाषेत बोलायचे तर येथे श्लेष नाहीच. संकेताने वाच्यार्थ देवतेपुरता नियंत्रित केला असता राणी व्यंजनेने प्रतीत होते. हा शब्दशक्तिमूल ध्वनी होय. हरकत घेणारे व्यंग्यार्थावर बोलत होते, समर्थक वाच्यार्थावर. वाद मिटणार कसा?

खरा श्लेष मद्रासचा आहे. तेथील वेधशाळेतून १८६१ साली पोगसन यांनी शोधलेल्या लघुग्रहाचे नाव ‘एशिया’. ग्रीक पुराणकथेत ही एक देवकन्या. शिवाय आशिया खंडातून लागलेला हा पहिलाच लघुग्रह. दोन्ही अर्थ प्रकृत आहेत, एकही झाकायचा नाही. १८६४ साली पोगसन यांनी तेथूनच शोधलेल्या लघुग्रहाला ग्रीक कवयित्री सॅफो हिचे नाव मिळाले. मात्र मद्रासहून त्यांनी शोधलेल्या पाचांपैकी एकाच्याही वाट्याला भारतीय वाङ्मयातील नाव आले नाही, हे नोंदवणे आवश्यक आहे.

तत्पूर्वीच, १८५७ साली, पॅरिसमध्ये गोल्डश्मिट यांनी सम्राज्ञी युजेनी हिचे नाव देवतेचा आडपडदा न ठेवता देऊन टाकले होते. आज तो पडदा अनावश्यक झाला आहे. कक्षा निश्चित झाल्यावर लघुग्रहास कायमचा क्रमांक मिळतो. नाव सुचविण्याचा पहिला हक्क शोधकाचा, मान्यता आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या समितीची. नाव सोळा अक्षरचिन्हांहून मोठे नसावे. राजकीय वा लष्करी व्यक्तीच्या मृत्यूला शंभर वर्षे लोटलेली असावीत. या नियमाने व्हिक्टोरिया राणीला २००१ पर्यंत थांबावे लागले असते! नावासोबत सन्मानाचे कारण सांगणारी लहानशी टीप प्रसिद्ध होते. अर्थ अभिधेनेच सांगितला जात असल्याने व्यंजनेला काम उरत नाही.

२००६ साली सापडलेल्या एका लघुग्रहाला २०१९ मध्ये मेवाती घराण्याचे गायक पंडित जसराज यांचे नाव देण्यात आले. उपाधी आणि नाव एकत्र लिहून रोमन लिपीत बारा अक्षरे होतात. श्लेष मात्र नावातून हद्दपार होऊन क्रमांकात शिरला आहे: हा लघुग्रह ३००१२८ वा, आणि जसराजांचा जन्म २८-०१-३० चा.