पंधरवड्यात सुटणारी सवय

प्रश्न: घराण्यात मधुमेह आहे. दर वेळी साखर बंद करून पहाटे चालू लागतो, पंधरा दिवसांत सगळं सुटतं. काय करावं? – एक वाचक, राजघाट, बुऱ्हाणपूर

उत्तर: पंधरा दिवस फार थोडे आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जणांनी रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला एक नवी कृती जोडली. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. म्हणून एकच गोष्ट धरा: रात्रीचं जेवण झालं की सगळ्यांनी घाटाकडे चालायचं. चपला दारातच काढून ठेवा. रात्री चालल्यानं मे महिन्यातल्या उन्हाची अडचणही उरत नाही. तापीला पूर आला तर घाट सोडून गल्लीतच फेऱ्या मारा.

घरातली बाई दमलेली असते, ती कशी येणार, हा आक्षेप रास्त आहे. भांडी सगळ्यांनी मिळून आवरली तरच तिला पाय मोकळे करता येतील. आणि तुमच्या गावची मावा जिलेबी? ती सणावारी खावी, रोजच्या चहातली साखर मात्र अर्ध्या चमच्यानं उतरवत न्यावी. ‘रक्तातच आहे, चालून काय होणार?’ असं म्हणू नका. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये आहार-व्यायामातल्या बदलानं धोका २८.५ टक्क्यांनी घटला. औषधं सुरू असतील तर ती मनानं थांबवू नका.