जुना ट्रॅक्टर आणि ओढीचा नांगर : जोडणीचें शास्त्र

नांगर म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें बैलांची जोडी, खांद्यावरचें जूं आणि रुमण्यावर हात ठेवून चालणारा शेतकरी उभा राहतो. नांगर खडकाला अडला तर बैल स्वतःच थबकतात व धन्यास इशारा मिळतो. यंत्रास अशी जाणीव नसते. अडथळा आला तरी तें ओढीतच राहतें. म्हणून यंत्राच्या नांगरणींतील सारें शहाणपण काम सुरू होण्यापूर्वी, जोडणींतच, घालून ठेवावें लागतें. ही जोडणी कशी करतात, हें एका प्रत्यक्ष उदाहरणानें समजून घेऊं.

उदाहरण अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागांतील आहे. तेथील काळी माती चिकट. ओतीव लोखंडाच्या नांगरास ती धरून बसे. १८३७ सालीं इलिनॉय संस्थानांतील ग्रँड डेटूर या गांवीं जॉन डिअर नांवाच्या लोहारानें गुळगुळीत पोलादाचा नांगर घडविला, व ती अडचण दूर झाली. पुढें १९१७ सालीं फोर्डसन आणि १९२४ सालीं फार्मॉल हे ट्रॅक्टर आले, व घोड्यांची जागा इंजिनानें घेण्यास आरंभ झाला. आपलें उदाहरण ‘फार्मॉल एच’ या ट्रॅक्टराचें आहे. तो १९३९ पासून १९५३ पर्यंत तयार होत असे. त्याच १९३९ सालीं हॅरी फर्ग्युसन यांच्या योजनेप्रमाणें, नांगर ट्रॅक्टरास तीन ठिकाणीं जोडून तेलाच्या दाबानें उचलणारा फोर्ड ट्रॅक्टर बाजारांत आला, आणि स्वतःच्या चाकांवर मागून ओढत येणारा नांगर हळूहळू मागें पडला. तथापि जुन्या यंत्रांचे शोकी आजही तो चालवितात, आणि नांगरणीच्या सामन्यांत त्यासाठीं निराळा वर्गही असतो.

प्रथम नांगराची ओळख करून घेऊं. आपला नांगर दोन फाळांचा आहे व प्रत्येक फाळ १४ इंच रुंद माती कापतो. फाळ खालून माती कापतो. त्यावरील वक्र पत्रा ती उजवीकडे उलथतो. डाव्या अंगाची सरळ पट्टी तासाच्या उभ्या कडेस टेकून नांगर सरळ ठेवते. फाळापुढें एक गोल फिरतें पातें असतें. तें गवत व मुळें आधींच कापून देतें. नांगरास तीन चाकें असतात : डावें चाक न नांगरलेल्या जमिनीवरून, उजवें मागील फेरीच्या तासांतून, आणि मागचें चाक नव्या तासांतून चालतें. बसल्या जागेवरून दोरी ओढली कीं डाव्या चाकांतील कळ बसते, व त्या चाकाच्या फिरण्यानेंच नांगर वर उचलला जातो किंवा खालीं पडतो. यावरून हें उघड होईल कीं, ट्रॅक्टर उभा असतां नांगर उचलतां येत नाहीं.

आतां जोडणीकडे वळूं. पहिलें काम स्वच्छतेचें. वक्र पत्र्यावर गंज किंवा रंग असेल तर माती घसरत नाहीं, चिकटते, आणि ओढ वाढते. म्हणून पत्रा घासून आरशासारखा करावा, व हंगाम संपल्यावर त्यास ग्रीस लावून ठेवावें.

दुसरें काम समतोलाचें. नांगर सपाट फरशीवर आणावा. ७ इंच खोल नांगरावयाचें असल्यास डाव्या चाकाखालीं सुमारें ६ इंच जाडीच्या फळ्या द्याव्या. उरलेला इंच तें चाक मऊ जमिनींत रुतण्यानें भरून निघतो. मग दोन्ही फाळांचीं टोकें फरशीस सारखीं टेकेपर्यंत तरफा फिरवून सांगाडा समपातळींत आणावा. गोल पातें फाळाच्या टोकापासून किंचित् डावीकडे, सुमारें अर्धा इंच, ठेवावें. म्हणजे तासाची कड स्वच्छ कापली जाते.

तिसरें काम सर्वांत महत्त्वाचें : ओढीची रेषा. प्रत्येक फाळाचा भार त्याच्या मध्यावर नसून, डाव्या पट्टीकडून मोजतां रुंदीच्या सुमारें चौथ्या हिश्शावर असतो. मागील तासाच्या उभ्या कडेपासून मोजलें तर पहिल्या फाळाचा भार १०.५ इंचांवर व दुसऱ्याचा २४.५ इंचांवर येतो. दोहोंची सरासरी १७.५ इंच. ट्रॅक्टराची मध्यरेषाही कडेपासून तितक्याच अंतरावर असली कीं नांगर सरळ चालतो. उजवें मोठें चाक तासांतून चालतें. टायर ११ इंच रुंद असून त्याच्या व कडेच्या मध्यें १ इंच जागा सोडली, तर चाकाचा मध्य मध्यरेषेपासून १७.५ + १ + ५.५ = २४ इंच, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांतील अंतर ४८ इंच झालें पाहिजे. फार्मॉलचीं मागचीं चाकें आंसावर सरकवितां येतात, तीं याचसाठीं. अंतर चुकलें तर नांगर तिरका ओढला जातो, पट्टी कडेवर घासते, इंधन व्यर्थ जळतें.

हीच रेषा बाजूनेंही पाहावी. ट्रॅक्टराच्या ओढदांड्यापासून फाळांवरील भारापर्यंत मनांत दोरी ताणली, तर नांगराचा जोड त्या दोरीवरच यावा. जोड वर असला तर नांगराचें पुढचें अंग दाबलें जाऊन मागचें उचलतें. खालीं असला तर पुढचें अंग उचलून फाळ जमिनींत टिकत नाहींत. पुष्कळ नवशिके अशा वेळीं फाळास दोष देतात. दोष असतो जोडाच्या एका भोंकाचा.

आतां थोडें गणित. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. १२ इंची एका फाळानें तें नांगरावयाचें तर ८.२५ मैल चालावें लागतें. २८ इंचांच्या जोडीस सुमारें ३.५ मैल पुरतात. ताशीं साडेतीन मैल वेग धरला तर वळणांचा वेळ सोडून एका तासांत जवळजवळ एक एकर होतो. परंतु हा हिशेब सरळ चालणाऱ्या नांगराचा आहे.

शेवटीं जिवाची गोष्ट. नांगर नेहमीं ओढदांड्यासच जोडावा. आंसास किंवा त्याहून उंच जागीं कधींही जोडूं नये. फाळ खडकांत अडकला आणि ओढ उंचावर असली, तर चाकें न फिरतां ट्रॅक्टरच आंसाभोंवतीं फिरूं लागतो. पुढचीं चाकें उचलतात, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच तो चालकावर उलटा पडतो. आरंभींचा फोर्डसन या दोषासाठीं कुप्रसिद्ध होता. याच कारणानें ओढीच्या नांगराच्या जोडांत लांकडाची खुंटी किंवा स्प्रिंगची कळ असते : खडक लागला कीं खुंटी तुटते, नांगर मागें राहतो, माणूस वांचतो. वारंवार तुटते म्हणून तिच्या जागीं लोखंडी खिळा ठोकणारा मनुष्य चार आण्यांची खुंटी वांचवितो आणि जीव पणास लावतो. हँडल मारून इंजिन सुरू करतांनाही अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिन उलट फिरलें तर हँडल हातांतून सुटून जातें, मनगट मोडत नाहीं.

महाराष्ट्रांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या दारीं आला, तेव्हांही फाळाची धार, खोली आणि ओढ यांचा मेळ घालावाच लागे. बैल गेले, इंजिन आलें, तरी तो नियम पालटला नाहीं. विद्यार्थी मित्रहो, बळ पुष्कळ ठिकाणीं मिळतें; तें योग्य रेषेंत लावणें हीच विद्या. चांगला नांगऱ्या शेतांत शिरण्यापूर्वी अर्धा दिवस मोजपट्टी घेऊन बसतो, आणि तो अर्धा दिवस सबंध हंगामभर त्यास परत मिळत राहतो.