जेट इंजिनापुढची वावटळ

चैत्र-वैशाखाच्या भर दुपारी नांगरून टाकलेल्या काळ्या रानात वावटळ उठते, हे मराठवाड्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. धूळ, पाचोळा, कडब्याची पाने गरगरत वर चढतात आणि पाहता पाहता सारे शांत होते. पुराच्या दिवसांत गोदावरीच्या घाटावर उभे राहिले की पाण्यातला भोवराही असाच दिसतो. एक हवेतला आणि दुसरा पाण्यातला, एवढाच काय तो फरक. दोघांचे शास्त्र एकच. याच शास्त्राचा तिसरा आविष्कार विमानतळाच्या धावपट्टीवर घडतो. उभ्या विमानाचे जेट इंजिन जोराने फिरू लागले की कधी कधी जमिनीपासून इंजिनाच्या तोंडापर्यंत हवेचा एक बारीक, सोंडेसारखा भोवरा तयार होतो. धावपट्टी ओली असली तर त्यात पाण्याचे तुषार चढताना दिसतात. कोरडी असली तर तो बहुधा डोळ्यांना दिसतही नाही. पण धावपट्टीवरचा खडा उचलून इंजिनात टाकण्याची ताकद त्यात असते. तो होऊ नये म्हणून इंजिनाच्या गतीवर नियंत्रण कसे ठेवतात, हा या लेखाचा विषय आहे. विषय तांत्रिक असला तरी तो समजण्यास गणिताची फारशी गरज नाही.

मोटार हवा घेते तेव्हा

विहिरीवर मोटार चालविणाऱ्या शेतकऱ्याला या प्रश्नाचा अर्धा भाग आधीच ठाऊक असतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की नळाच्या तोंडावर पाण्यात भोवरा पडतो, त्याच्या मधल्या पोकळीतून हवा नळात शिरते आणि पाण्याची धार तुटू लागते. यालाच आपण ‘मोटार हवा घेते’ असे म्हणतो. नांदेडजवळच्या विष्णुपुरीसारख्या मोठ्या उपसा योजनांतही पंपाचे तोंड पाण्याच्या पातळीखाली किती खोल असावे, याचा हिशेब अभियंत्यांना याच कारणासाठी करावा लागतो.

शेतकरी यावर तीन उपाय करतो. नळाचे तोंड आणखी खोल सोडतो. पाण्यावर फळी टाकून भोवरा मोडतो. किंवा व्हॉल्व्ह थोडा आवळून पाण्याचा उपसा कमी करतो. हे तीन उपाय वाचकांनी लक्षात ठेवावेत. विमानाच्या अभियंत्यांनी पुढे जे केले ते याहून तत्त्वतः निराळे नाही.

भोवरा का होतो

जेट इंजिनाची भूक प्रचंड असते. एअरबस ए-३२० जातीच्या विमानांना बसविले जाणारे सीएफएम-५६ हे इंजिन घेतले, तर त्याच्या पुढच्या पंख्याचा व्यास सुमारे १.७३ मीटर आहे आणि उड्डाणाच्या वेळी ते दर सेकंदाला सुमारे ४०० किलो हवा आत ओढते. समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.२ किलो असते. म्हणजे सुमारे ३३० घनमीटर हवा एका सेकंदात आत जाते. अकरा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि पावणेचार मीटर उंच अशा वर्गखोलीतील सगळी हवा एका सेकंदात रिकामी व्हावी, तसा हा प्रकार आहे.

विमान आकाशात वेगाने जात असते तेव्हा ही हवा समोरून आपोआप मिळते. विमान जमिनीवर उभे असते तेव्हा मात्र इंजिनाला ती चहूबाजूंनी गोळा करावी लागते: समोरून, वरून, बाजूंनी, मागून वळसा घालून आणि खालच्या जमिनीवरूनही. जमिनीवरून येणारे प्रवाह इंजिनाच्या तोंडाखाली एका बिंदूपाशी एकत्र येतात आणि तेथून वर वळतात.

आता जमिनीलगतचा वारा कधीच सारख्या वेगाने वाहत नाही. अगदी जमिनीला टेकलेला थर घर्षणामुळे जवळजवळ थांबलेला असतो आणि वरचा थर वेगाने जातो. या फरकामुळे हवेत थोडीशी फिरकी आधीच असते. ती एरवी जाणवत नाही. पण अशी मंद फिरणारी हवा एका बिंदूकडे ओढली जाऊन वर ताणली गेली की तिचा घेर लहान होतो आणि गती वाढते. घसरगाड्या पायाला बांधून बर्फावर गिरकी घेणारा खेळाडू पसरलेले हात छातीशी घेतो तेव्हा त्याची गिरकी वाढते, हे अनेकांनी चित्रपटात पाहिले असेल. शाळेत शिकलेला कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम तो हाच.

एक उदाहरण घेऊ. समजा, मध्यापासून दोन मीटर अंतरावर हवा सेकंदाला एक मीटर या गतीने फिरत आहे. माणूस चालतो त्याहूनही ही गती कमी आहे. तीच हवा ओढली जाऊन मध्यापासून पाच सेंटिमीटरवर आली, तर अंतर चाळीस पटींनी घटले. म्हणून घर्षण सोडून दिल्यास तिची गती चाळीस पटींनी वाढेल. सेकंदाला चाळीस मीटर म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. अशा भोवऱ्याच्या मध्याशी हवेचा दाब सुमारे २० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका कमी होतो. सुट्या खडीचा बारीक कण, एखादा विसरलेला स्क्रू किंवा चाकाच्या रबराचा तुकडा जागचा हलण्यास एवढे पुरेसे होते. आणि एकदा तो उडाला की इंजिनाची ओढ त्याला पुढे नेते.

प्रयोगशाळांत लहान प्रतिकृती ठेवून केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, भोवरा होणार की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. पहिली, इंजिन जमिनीपासून किती उंच आहे. ही उंची तोंडाच्या व्यासाच्या तुलनेत मोजायची. दुसरी, तोंडातून आत जाणाऱ्या हवेची गती बाहेरच्या वाऱ्याच्या गतीच्या किती पट आहे. इंजिन ठेंगणे आणि ही पट मोठी, तर भोवरा हमखास. उंची वाढली किंवा पट कमी झाली की तो तुटतो. मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनी १९८२ च्या सुमारास आणखी एक गोष्ट दाखविली: हवेत आधीची फिरकी नसली तरी बाजूने वाहणारा वारा इंजिनाच्या कवचाभोवतीच भोवरा निर्माण करू शकतो. म्हणूनच वैमानिक आडव्या वाऱ्याला विशेष जपतात.

नुकसान दोन प्रकारचे

पहिले नुकसान खड्याचे. पंख्याच्या पात्याचे टोक ध्वनीच्या गतीच्या आसपास फिरत असते. त्यावर लहानसा खडा आदळला तरी धारेला खाच पडते. त्या खाचेतून पुढे तडा जाऊ शकतो. दुसरे नुकसान खड्याशिवायही होते. भोवऱ्यातील फिरती, कमी दाबाची हवा तोंडाच्या एकाच भागातून आत शिरते. पंख्याचे प्रत्येक पाते दर फेरीत या वाईट हवेतून जाते आणि त्याला झटका बसतो. आतल्या कॉम्प्रेसरची पाती ठराविक कोनातून येणाऱ्या सुरळीत हवेसाठी घडविलेली असतात. हवा विस्कळीत आली की ती हवेला पुढे ढकलू शकत नाहीत. प्रवाह उलटतो, मोठा आवाज होतो आणि इंजिनाची शक्ती ऐन वेळी खचते.

उपायांची परंपरा

शेतकऱ्याचे तीन उपाय येथे पुन्हा भेटतात. इंजिन उंच बसविणे हा पहिला. काही विमानांत ते पंखाच्या वर किंवा शेपटाजवळ असते. पण बोइंग ७३७ सारख्या विमानांत पंखाखालच्या इंजिनाचे तोंड जमिनीपासून सुमारे अर्धा मीटरच उंच राहते, तेथे हा मार्ग बंद होतो.

भोवरा मोडणे हा दुसरा. खडीच्या धावपट्ट्यांवर उतरता यावे म्हणून बोइंग ७३७-२०० साठी एक खास संच मिळत असे. त्यात इंजिनाच्या तोंडापुढे एक नळी काढलेली असून तिच्यातून इंजिनातलीच दाबाची हवा खाली आणि मागे फुंकली जाई. त्यामुळे भोवऱ्याचे मूळ जमिनीशी रुजतच नसे. लष्करी विमानांनी निराळी वाट काढली. १९८७ साली भारतीय हवाई दलात आलेली मिग-२९ विमाने पुण्याच्या लोहगाव तळावर ठेवण्यात आली. जमिनीवर असताना त्यांची खालची तोंडे झडपेने बंद होतात आणि इंजिन वरच्या बाजूच्या फटींतून श्वास घेते. १९९७ मध्ये लोहगावलाच दाखल झालेल्या सुखोई विमानांच्या घराण्यात जमिनीवर असताना तोंडाच्या आत जाळी उभी राहते. नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात पुढे याच घराण्यातील सुखोई-३० एमकेआय विमाने बांधली गेली.

गतीचा लगाम

तिसरा उपाय व्हॉल्व्ह आवळण्याचा, म्हणजे इंजिनाच्या गतीवर ताबा ठेवण्याचा. प्रवासी विमानांत हाच सर्वांत अधिक वापरला जातो, कारण त्याला वेगळे यंत्र लागत नाही.

समजा, पूर्ण जोरात इंजिनाच्या तोंडात हवा सेकंदाला १५० मीटर गतीने शिरते आणि बाहेर वारा सेकंदाला पाच मीटर आहे. ही तीस पट झाली, भोवऱ्याला अनुकूल. वैमानिकाने पंख्याची गती निम्मी ठेवली तर आत जाणारी हवाही साधारण निम्मी होते आणि पट पंधरावर येते. आता विमान चालू लागले आणि त्याचा वेग सेकंदाला वीस मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर झाला, तर इंजिन पूर्ण जोरात असले तरी पट साडेसातच्या आसपास राहते. समोरून येणारी हवा जमिनीवरच्या भोवऱ्याला मागे वाहून नेते. म्हणून नियम साधा आहे: उभ्या विमानात पूर्ण जोर लावू नये, विमान चालू लागावे, वेग घ्यावा आणि त्या प्रमाणात जोर वाढवावा. एअरबस ए-३२० च्या वैमानिकांना आडवा वारा २० नॉटपेक्षा अधिक असल्यास किंवा वारा पाठीमागून असल्यास जोर टप्प्याटप्प्याने वाढवून ४० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटरच्या वेगाला पूर्ण करण्यास शिकवितात. आपल्या उदाहरणातील आकडा आणि हा आकडा किती जवळ आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

आधुनिक इंजिनांत तरफ आणि इंजिन यांच्यामध्ये संगणक बसलेला असतो. विमानाचा वेग, हवेचे तापमान व दाब पाहून इंधन किती द्यायचे ते तो ठरवितो. विमान स्थिर किंवा मंद असताना पंख्याची पाती थरथरू नयेत म्हणून काही इंजिनांत तो गतीचे ठराविक टप्पे टाळतो. त्या टप्प्यात इंजिन रेंगाळू देत नाही. वैमानिकाचा हात घाईत असला तरी यंत्र आपली मर्यादा सांभाळते.

आपल्याकडील प्रश्न

मात्र या उपायाची किंमत धावपट्टीच्या लांबीत मोजावी लागते. जोर सावकाश वाढविला की विमानाला उडण्यास अधिक अंतर लागते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, हवा विरळ होते, इंजिनाची शक्ती घटते आणि पंखांनाही आधार कमी मिळतो. अंतर आणखी वाढते. २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचा विमानतळ नव्या रूपात उभा राहिला. त्याची धावपट्टी सुमारे २३०० मीटर लांब आहे. २०१७ साली तेथून हैदराबादला सुरू झालेली सेवा पंख्याच्या एटीआर विमानांची होती. २०२४ मध्ये बंगळूर आणि दिल्लीजवळच्या हिंडनसाठी जेट विमाने आली. जेट विमान आले की धावपट्टीच्या कडेची सुटी खडी, उडून आलेले प्लॅस्टिक आणि काळ्या मातीची ढेकळे या किरकोळ गोष्टी राहात नाहीत. लातूरच्या धावपट्टीलाही हेच लागू आहे. लांबी मर्यादित असेल तेथे धावपट्टी झाडून स्वच्छ ठेवणे, हा गतीच्या लगामाइतकाच महत्त्वाचा उपाय ठरतो. केराची गाडी चालविणारा कामगार आणि संगणकाची आज्ञावली लिहिणारा अभियंता हे दोघे एकाच कामाचे भागीदार आहेत.

इंजिनाच्या ओढीला केवळ खडेच बळी पडत नाहीत. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाजवळ काम करणारा एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. तो अपघात भोवऱ्याचा नव्हता, सरळ ओढीचा होता. पण दोहोंच्या मागची शक्ती एकच. इंजिनापुढे आखलेल्या धोक्याच्या रेषेचा अर्थ त्यावरून कळतो. ती रेषा जमिनीवर राबणाऱ्या माणसांसाठी आखलेली असते, आणि प्रवाशाला खिडकीतून ती माणसे क्वचितच दिसतात.

पुढे कधी विमान धावपट्टीच्या टोकाशी येऊन एकदम न गरजता हळूहळू आवाज चढवीत निघाले, तर वैमानिक संकोच करतो आहे असे समजू नये. वावटळ उठण्यापूर्वीच तो तिच्या पुढे निघून जात असतो.