जुन्या डिझेल मालमोटारीस ‘चिप’ बसवावी काय?

शेतमाल बाजारपेठेत पोहोचविण्यासाठी अनेक शेतकरी स्वतःची पिकअप किंवा जुनी मालमोटार बाळगतात. कांद्याचा, द्राक्षांचा अथवा भाजीपाल्याचा हंगाम सुरू झाला की ही गाडी दररोज भरलेली धावते. काही वर्षांनी तिची ओढ कमी होते, घाटात वारंवार गिअर उतरवावे लागतात आणि डिझेलचा खर्च वाढतो. अशा वेळी ‘चिप बसवा, शक्ती वाढेल आणि डिझेलही वाचेल’ असा सल्ला मालकास मिळतो. गाडी पुष्कळदा कर्जाऊ रकमेतून घेतलेली असते व ऐन हंगामात इंजिनाचे काम निघाल्यास दुरुस्तीच्या खर्चाबरोबर मालाचेही नुकसान होते. म्हणून चिपवर पैसे खर्च करण्यापूर्वी ती कोणत्या इंजिनास लागू पडते, ती नेमके काय करते आणि गाडीची हरवलेली शक्ती खरोखर कोठे गेली आहे, या तीन गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

इंजिनाचे दोन प्रकार

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली गेल्यामुळे तापते व त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. हा फवारा किती आणि केव्हा सोडावयाचा, हे ठरविण्याच्या दोन पद्धती आहेत.

जुन्या पद्धतीत हे काम यांत्रिक पंप करतो. पंपापासून प्रत्येक नोझलकडे एकेक बारीक पोलादी नळी जाते आणि अ‍ॅक्सिलरेटरची तार अथवा सळई थेट पंपाच्या दांड्यास जोडलेली असते. नव्या पद्धतीस ‘कॉमन रेल’ म्हणतात. तीत पंप सर्व डिझेल एका जाड नळीत अतिशय मोठ्या दाबाने भरून ठेवतो आणि प्रत्येक इंजेक्टर विजेच्या इशाऱ्याने उघडतो. हा इशारा गाडीतील लहानसा संगणक देतो. प्रत्येक इंजेक्टरवर विजेची वायर व तिचे प्लग दिसले, तर गाडी बहुधा नव्या पद्धतीची आहे असे समजावे.

चिप संगणकाच्या कामात बदल करते. ज्या इंजिनात संगणकच नाही, त्या इंजिनास चिप बसविता येत नाही. यांत्रिक पंपाच्या मालमोटारीसाठी कोणी चिप विकत असेल, तर ती घेऊ नये, हे निःशंकपणे सांगता येते.

चिपचा प्रसार अमेरिकेतील पिकअप गाड्यांत मोठ्या प्रमाणावर झाला. तेथील डॉज पिकअपमध्ये १९८९ साली कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन आले, तेव्हा त्यास यांत्रिक पंप होता. १९९८ च्या मध्यास विजेवर नियंत्रित होणारा पंप आला आणि २००३ च्या मॉडेलपासून कॉमन रेल आली. एकाच इंजिनाच्या या तीन अवस्थांत चिपचा मार्ग पहिल्या अवस्थेनंतरच खुला झाला. म्हणून ‘त्याच कंपनीच्या गाडीला बसली, मग हिलाही बसेल’ असे अनुमान काढणे योग्य नव्हे. गाडीचे साल व पंपाचा प्रकार प्रथम पाहावा.

चिप काय करते?

बाजारात चिप या एकाच नावाने तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली वस्तू म्हणजे रेलच्या दाबमापकाच्या वायरमध्ये जोडावयाची पेटी. ती संगणकास दाब खऱ्यापेक्षा कमी असल्याचे भासविते. समजा, रेलमध्ये खरा दाब १,३०० बार आहे व पेटीने तो १,१५० असल्याचे कळविले, तर संगणक दाब आणखी वाढवितो. परिणामी तेवढ्याच वेळात अधिक डिझेल सिलिंडरमध्ये जाते.

दुसऱ्या प्रकारात संगणकातील मूळ कोष्टकच बदलून नवे भरले जाते. जाणकाराने मोजमाप घेऊन केलेले असे काम पेटीपेक्षा अधिक नेमके असते. मात्र कोष्टक कोणी व कोणत्या हिशेबाने बदलले, हे मालकास दिसत नाही.

तिसरा प्रकार निव्वळ फसवणुकीचा होय. हवेच्या तापमापकाच्या वायरमध्ये दोन-पाच रुपयांचा रोधक घातला जातो, अथवा तपासणीच्या सॉकेटमध्ये फक्त दिवा लुकलुकणारी डबी बसविली जाते.

पहिल्या दोन प्रकारांनी शक्ती वाढते हे खरे. परंतु ती वाढ अधिक डिझेल जाळूनच होते. जुन्या ट्रकांवर काही कारागीर पंपाचे सील तोडून आतील स्क्रू फिरवीत व ‘पंप वाढविला’ असे म्हणत. चिप ही त्याच स्क्रूची नवी आवृत्ती आहे.

वाढीव शक्तीची किंमत

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. काळा धूर न येता काम व्हावे म्हणून प्रत्यक्षात याहून बरीच अधिक हवा असावी लागते. चिप डिझेल वाढविते. हवा त्या प्रमाणात वाढेलच असे नाही. हवा अपुरी पडली की अर्धवट जळलेले डिझेल काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते आणि ज्वलनाची उष्णता वाढते. टर्बोपूर्वी धुराचे तापमान दीर्घ काळ ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास टर्बो व पिस्टन या दोहोंना धोका असतो. भरलेली गाडी लांब घाट चढते तेव्हा नेमकी हीच स्थिती निर्माण होते.

शिवाय चिपमुळे केवळ इंजिनाचा जोर वाढतो. क्लच, गिअरपेटी, रेडिएटर आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात. दोन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत हे सर्व भाग आधीच झिजलेले असतात. जोर वाढला म्हणून माल अधिक भरला, तर उतारावर ती गाडी थांबविण्याचे काम त्याच जुन्या ब्रेकना करावे लागते.

डिझेल वाचते काय?

या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याकडून न घेता मालकाने स्वतः मोजून घ्यावे. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा लिहावा. काही दिवसांनी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी. ५४० किलोमीटरनंतर ४५ लिटर डिझेल मावले, तर लिटरमागे १२ किलोमीटर पडले. असे सलग तीन वेळा मोजून सरासरी काढावी. एका वेळच्या मोजणीवर विसंबू नये, कारण भार, रस्ता व चालक बदलले की आकडा बदलतो.

त्यानंतर नफ्यातोट्याचा हिशेब करावा. उदाहरणादाखल गाडी महिन्यास १,५०० किलोमीटर चालते व १२५ लिटर डिझेल घेते असे धरू. चिपने खरोखर ५ टक्के बचत झाली, तर सव्वासहा लिटर वाचतील. डिझेलचा दर ९० रुपये धरल्यास ही बचत महिन्यास सुमारे ५६२ रुपये होते. चिपची किंमत १२,००० रुपये असेल, तर ती वसूल होण्यास एकवीस महिन्यांहून अधिक काळ लागेल. त्या अवधीत एक टर्बो बिघडला तरी सारा हिशेब उलटतो.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमा कंपनीस न कळविता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येण्याचा संभव असतो.

धुराची मर्यादाही ध्यानात ठेवावी. प्रदूषण तपासणीत भारत स्टेज ४ पूर्वीच्या डिझेल गाडीस ६५ हार्ट्रिज एकके व भारत स्टेज ४ च्या गाडीस ५० एकके एवढी धुराची घनता चालते. भारत स्टेज ६ ची मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्या गाड्यांतील काजळीची गाळणी वाढीव धुराने लवकर तुंबते. काही ठिकाणी चिपबरोबर ही गाळणीच काढून टाकतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० साली केलेल्या अंदाजानुसार तेथे आधीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषण-नियंत्रक साधने काढून टाकण्यात आली होती. तो धूर प्रथम गाडीमालकाच्या व त्याच्या गावाच्याच श्वासात जातो.

आधी करावयाची कामे

जुन्या गाडीची शक्ती बहुधा एकदम जात नाही. ती थोडीथोडी गळते. ती पुढील क्रमाने शोधावी. स्वस्त कामे आरंभी आहेत.

१. एअर फिल्टर पाहावा. शेतरस्त्यावरील धुळीने तो लवकर तुंबतो. तेलाचा फिल्टर असल्यास वाटीतील गाळ काढून नवे तेल खुणेपर्यंत भरावे.

२. डिझेल फिल्टरमधील पाणी काढावे व मुदत संपलेला फिल्टर बदलावा.

३. टायरमधील हवा तपासावी. गाडी थांबल्यावर चाकांचे ड्रम हाताजवळ धरून पाहावेत. एखादे फार तापले असल्यास तो ब्रेक चिकटत आहे असे समजावे.

४. टर्बो असलेल्या गाडीत हवेच्या रबरी नळ्या व त्यांचे पट्टे पाहावेत. नळीवर तेलकट ओल दिसल्यास तेथून हवा गळत असण्याचा संभव असतो.

५. रेडिएटरच्या जाळीतील भुसा व माती काढावी.

६. टॅपेटमधील अंतर निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे लावून घ्यावे.

७. नोझल उतरवून तपासणी यंत्रावर पाहावेत. फवारा धुक्यासारखा व सारखा पडला पाहिजे. थेंब गळता कामा नये.

८. यांत्रिक पंप असल्यास तो जाणकाराकडून बेंचवर जुळवून घ्यावा आणि पुन्हा सील करून घ्यावा.

धुराच्या रंगावरूनही दोषाचा माग लागतो. काळा धूर म्हणजे हवा कमी अथवा डिझेल जास्त. निळा धूर म्हणजे वंगण तेल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिल्यास डिझेल न जळता जाते अथवा सिलिंडरमध्ये पाणी उतरते असे समजावे. निळा धूर देणाऱ्या, म्हणजेच रिंगा झिजलेल्या इंजिनास चिप बसविणे म्हणजे थकलेल्या बैलास चाबूक मारण्यासारखे होय.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी गावातील गाडीमालकांना एकत्र करून दोन प्रकारच्या इंजिनांतील फरक प्रत्यक्ष गाडीवर दाखवावा. टाकी भरून डिझेल मोजण्याची रीत शिकवावी व प्रत्येक मालकाने त्याची वही ठेवावी असा आग्रह धरावा. ट्रॅक्टरमालकांनाही या चर्चेत बोलवावे. ५० अश्वशक्तीपेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून अधिक कडक मानके लागू झाली असून अशा ट्रॅक्टरांत कॉमन रेल इंजिने येऊ लागली आहेत. साहजिकच चिपचे विक्रेते त्यांच्या बांधापर्यंतही पोहोचतील.

वरील आठ कामे झाल्यावर बहुसंख्य गाड्यांची ओढ बऱ्याच अंशी परत येते. तरीही गाडी घाटात कमी पडत असेल, तर खेपेमागे भार कमी करावा अथवा कामास पुरेशी अशी गाडी घ्यावी. तोपर्यंत चिपसाठी बाजूस ठेवलेले पैसे नोझल व पंप यांवर खर्च करणे अधिक हिताचे ठरेल.