जात रक्तात की रूढीत?

‘जात रक्तातच असते’ असे पेण-रोह्याकडे आजही सहज बोलले जाते. शास्त्र काय सांगते ते आपण पाहू.

9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पूज्य बाबासाहेबांनी जातीवरील निबंध वाचला. जातीतल्या जातीतच विवाह, हेच जातीचे मूळ, असे त्यांनी त्यात मांडले. 2013 साली हैदराबाद व हार्वर्डच्या संशोधकांनी भारतीयांची जनुके तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वी इथले समूह एकमेकांत सर्रास मिसळले. पुढे बेटीबंदी आली व मिसळणे थांबत गेले. म्हणजे रक्ताने जात घडवली नाही, रूढीनेच रक्ताला बांध घातला.

आपल्या जिल्ह्यातील बेने इस्रायली बांधव पाहा. शनिवारी तेलघाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे. 2016 च्या अभ्यासात त्यांच्या जनुकांत ज्यू व भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. मग ‘शुद्ध रक्त’ कोणाचे?

शिवाय बंद समूहात तोच सदोष जनुक आई व वडील दोघांकडून येऊन आनुवंशिक आजार होण्याचा धोका वाढतो.

1956 साली आपल्या समाजाने धम्म स्वीकारला. तरी सोयरीक जुळवताना जुनी पोटजात विचारली जातेच. आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असे बाबासाहेबांनी 1936 सालीच लिहून ठेवले आहे. माणसाने घातलेला बांध माणसालाच फोडता येतो. सुरुवात आपल्या घरच्या बैठकीपासून व्हावी, एवढेच आमचे नम्र सांगणे.

जयभीम!