नामनिर्देशनपत्र : स्थानिक लोकशाहीचा उंबरठा

७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिका यांना १९९३ साली घटनात्मक दर्जा प्राप्त झाला. या संस्थांच्या निवडणुकांचा अभ्यास करताना आरक्षण, मुदत व अधिकार यांवर विद्यार्थ्यांचा भर असतो. तथापि नागरिकाला प्रत्यक्षात उमेदवार बनविणारी पायरी म्हणजे नामनिर्देशनपत्र. कायद्याच्या अटी या एकाच टप्प्यावर तपासल्या जातात आणि तेथे झालेली चूक दुरुस्त करण्यास फारच थोडा वाव असतो. म्हणूनच हा विषय केवळ कार्यालयीन स्वरूपाचा मानता येत नाही.

घटनात्मक चौकट

पंचायत निवडणुकांचे अधीक्षण, संचालन व नियंत्रण अनुच्छेद २४३-के अन्वये राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविलेले आहे. भारत निवडणूक आयोगाचा या निवडणुकांशी संबंध नाही. सदस्यत्वाच्या अनर्हता अनुच्छेद २४३-एफ मध्ये आहेत. राज्य विधानमंडळाच्या निवडणुकीसाठी अनर्ह असलेली व्यक्ती पंचायतीसाठीही अनर्ह ठरते. मात्र वयाची अट २५ ऐवजी २१ वर्षे आहे. याशिवाय राज्य विधानमंडळ कायद्याने आणखी अनर्हता विहित करू शकते. त्यामुळेच उमेदवारीच्या अटी राज्यागणिक भिन्न आढळतात.

राज्यांचे वेगवेगळे निकष

महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनहून अधिक झाल्यास ग्रामपंचायत सदस्यत्वास बाधा येते. हरियाणातील अशाच तरतुदीची वैधता सर्वोच्च न्यायालयाने जावेद विरुद्ध हरियाणा राज्य (२००३) या खटल्यात मान्य केली. पुढे २००६ साली त्या राज्याने ती तरतूद रद्द केली. हरियाणाने २०१५ मध्ये किमान शिक्षण, घरी वापरातील शौचालय आणि सहकारी कर्ज व वीजबिलाची थकबाकी नसणे अशा अटी घातल्या. राजबाला विरुद्ध हरियाणा राज्य (२०१५) या निकालाने त्याही वैध ठरविल्या. राजस्थानने मात्र आपली शैक्षणिक अट २०१९ मध्ये मागे घेतली. न्यायालयाने वैध ठरविलेली अट धोरण म्हणून कायम राहतेच असे नाही, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

अर्ज, शपथपत्र व छाननी

विहित नमुन्यातील नामनिर्देशनपत्र ठरलेल्या मुदतीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे सादर करावे लागते. अनामत रक्कम भरल्याचा पुरावा, राखीव जागेसाठी जातीचे प्रमाणपत्र आणि नियमांनुसार लागणारी अन्य कागदपत्रे त्यासोबत असावी लागतात. गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता व शिक्षण यांची माहिती मतदारांस मिळाली पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने संसद व विधानमंडळांच्या निवडणुकांसंदर्भात २००२ व २००३ मध्ये प्रस्थापित केले. स्थानिक निवडणुकांतही अनेक राज्यांत असे शपथपत्र घेतले जाते.

छाननीत तीन बाबी वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे. पहिली, पात्रतेचा अभाव : उदाहरणार्थ, वय २१ वर्षांहून कमी असणे. दुसरी, अनर्हता : पात्र व्यक्तीला कायद्याने केलेला प्रतिबंध. तिसरी, अर्जातील दोष. यांपैकी नावातील किरकोळ लेखनदोषासारख्या, महत्त्वाच्या स्वरूपाच्या नसलेल्या त्रुटीमुळे अर्ज फेटाळला जाऊ नये, हे निवडणूक कायद्याचे सर्वमान्य तत्त्व आहे. स्वाक्षरीचा अभाव किंवा मुदत टळणे हे दोष मात्र किरकोळ मानले जात नाहीत.

अर्ज फेटाळल्यास काय?

मद्रास राज्यातील नामक्कल मतदारसंघात अर्ज फेटाळला गेल्याने उद्भवलेल्या पोन्नुस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये असा निर्णय दिला की, ‘निवडणूक’ या संज्ञेत अधिसूचनेपासून निकालापर्यंतची संपूर्ण प्रक्रिया येते; म्हणून अर्ज फेटाळण्यास मध्येच न्यायालयात आव्हान देता येत नाही. पंचायतींबाबत हेच तत्त्व अनुच्छेद २४३-ओ मध्ये आढळते. मुख्य उपाय म्हणजे निकालानंतरची निवडणूक याचिका.

या विलंबाची किंमत लहान प्रभागात अधिक जाणवते. दोनच उमेदवार असताना एकाचा अर्ज बाद झाला, तर दुसरा बिनविरोध निवडून येतो आणि मतदाराला निवडीची संधीच उरत नाही. राखीव जागा चक्रानुक्रमाने फिरत असल्याने प्रथमच उभ्या राहणाऱ्या महिलेला किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला तीच जागा पुढील वेळी राखीव मिळेल याची शाश्वती नसते. ज्यांच्यासाठी आरक्षण आहे, त्यांनाच कागदपत्रे जमविणे बहुधा अवघड जाते.

उत्तरलेखनाची दिशा

अटींच्या समर्थनार्थ उत्तरदायित्व व पारदर्शकता हे मुद्दे मांडता येतात. विरोधात असे म्हणता येते की, शिक्षण वा शौचालय यांचा अभाव हा बहुतांशी दारिद्र्याचा परिणाम असतो आणि त्या आधारे वंचितांनाच वगळले जाते. मतदाराला निर्णयासाठी माहिती पुरविणारी अट आणि मतदाराऐवजी स्वतःच निर्णय घेणारी अट यांतील भेद लक्षात घेतल्यास उत्तर संतुलित होते. शपथपत्र पहिल्या प्रकारात मोडते, तर शैक्षणिक अट दुसऱ्या. ग्रामसभेला उत्तरदायी असणाऱ्या संस्थेत दुसऱ्या प्रकारच्या अटी किती असाव्यात, हा प्रश्न न्यायालयीन निकालांनंतरही धोरणकर्त्यांपुढे कायम आहे.